मद्यपान व मानवी देह : एक ऐतिहासिक टिपण

आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी 'काही इतिहासविषयक' लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. ज्ञातीचा मूळ पुरुष, कुळे, देवके, गावोगावची घराणी यांविषयी यापूर्वी अधिकारी मंडळींनी विपुल लिहिले आहे. प्रस्तुत लेखक जुन्या अकरावीचा मॅट्रिक, हयात सारी प्राथमिक शाळेत गेली. त्या थोर विषयांत नवी भर घालण्याची त्याची पात्रता नाही. तथापि गेल्या वर्षीच्या स्मरणिकेतील वंशावळी चाळीत असता एका नोंदीपाशी मी थबकलो. ती माझ्या आजोळची. थोरल्या मामांच्या नावापुढे कंसात शेरा होता : 'अल्पशा आजाराने अकाली निधन, १९७१'. हा अल्पसा आजार मी बारा वर्षांचा असताना डोळ्यांनी पाहिला आहे. असे शेरे आपल्या वंशावळींत इतरत्रही आहेत. त्यांतील काहींच्या मागे काय होते, हे घरोघरच्या वडीलधाऱ्या बायांना ठाऊक आहे; छापील पानावर मात्र ते आलेले नाही. म्हणून यंदा दारू या विषयावर लिहावयाचे ठरविले. ज्ञातिबांधवांनी राग मानू नये.

'आमच्याकडे पूर्वी हे नव्हते, इंग्रजांनी आणले', असे म्हणण्याची आपली रीत आहे. ती सर्वस्वी खरी नाही. आपला जुन्नरचा मुलूख सातवाहनांच्या काळी व्यापाराचा नाका होता. कल्याणच्या बंदरातून आलेला माल नाणेघाट चढून इकडे येई. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक नाविकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या प्रवासपुस्तकात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत मद्य आहे, आणि इटलीच्या मद्यास विशेष मागणी असल्याची नोंदही आहे. ते मद्य ज्या दोन कानांच्या उंच मातीच्या कुंभांतून येई, तशा कुंभांचे तुकडे नेवासे येथील उत्खननात मिळाले. जुन्नरच्या लेण्यांना दान देणारे यवन होते, हे तेथील शिलालेखच सांगतात. त्या यवनांनी नाणेघाटाच्या वाटेने बरोबर काय काय आणले असेल, याचा तर्क वाचकांनी करावा.

आणि मद्य आपल्याकडे होते म्हणूनच मद्याने होणाऱ्या व्याधींचे शास्त्रही होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात 'मदात्यय' या नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात 'पानात्यय' म्हणून तोच विषय येतो. मद्य चढण्याच्या पायऱ्या चरकाने क्रमाने वर्णिल्या आहेत. आरंभी हर्ष व वाचाळता, मग बुद्धीचा व वाणीचा गोंधळ, शेवटी काष्ठवत् पडणे. दारू सोडलेल्या मनुष्याने पुन्हा एकाएकी अतिरेकी प्यायल्यास होणाऱ्या दोन विकारांना त्याने निराळी नावे दिली आहेत. याहूनही मला महत्त्वाचे वाटते ते सूत्रस्थानातील एक साधे सांगणे. अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट शहाण्याने एकाएकी सोडू नये, थोडी थोडी करीत सोडावी. हे वचन दारूपुरते नाही, सर्वच सवयींविषयीचे आहे. वाचकांनी ते ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे प्रयोजन आहे.

पेशवाईविषयी फार लिहीत नाही. दारू गाळण्यावर व विकण्यावर देशावर कडक बंदी होती आणि कोकणपट्टीत व नोकरीतील फिरंगी गोलंदाजांना काही सवलती होत्या, असे न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिश्यांवरून दाखविले आहे. इंग्रजी अमलात चित्र पालटले. १८७८ साली मुंबईचा आबकारी कायदा झाला. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद पडून सरकारी देखरेखीखालील मोठ्या भट्टीतून दारू येऊ लागली व तिच्या विक्रीचे मक्ते लिलावाने जाऊ लागले. आपल्या जिल्ह्यासाठी ही भट्टी पुण्याजवळ मुंढव्यास होती. मक्तेदाराने लिलावात भरलेली रक्कम वसूल व्हावयाची तर गिऱ्हाईक वाढले पाहिजे, आणि गिऱ्हाईक वाढले तर पुढील लिलाव चढा होणार! या चक्रात गुत्ता हा सरकारी उत्पन्नाचा झरा झाला. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढत आहेत, याविरुद्ध त्यांनी १८८० साली नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार केली. पुढे १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यात गुत्त्यांपुढे स्वयंसेवकांनी पहारे दिले. एरवी ज्यांचे एका गोष्टीवर एकमत होणे कठीण, अशा दोन पंथांचे या एका बाबतीत एकमत होते, हे आपल्या तरुणांनी जाणून घ्यावे.

त्यानंतर दारूबंदी आली. १९३७ च्या काँग्रेस मंत्रिमंडळात आरोग्य व आबकारी ही दोन्ही खाती एकाच गृहस्थाकडे होती. ते म्हणजे डॉक्टर गिल्डर, स्वतः हृदयविकाराचे नामांकित तज्ज्ञ. त्यांच्या कारकीर्दीत १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी झाली. मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यानंतर ती टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून सबंध राज्यात पूर्ण बंदी अमलात आली. हा कायदा अद्याप रद्द झालेला नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. नावात 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले एवढेच. आजही कायद्याच्या अक्षराने पाहता आपल्या राज्यात पिणारास परवाना लागतो.

बंदीच्या काळाचे बरेवाईट दोन्ही सांगितले पाहिजे. गुत्ता बंद झाल्याने कित्येक घरांत दोन वेळची चूल नियमाने पेटू लागली, असे माझी आजी सांगत असे, आणि तिच्या सांगण्यावर माझा विश्वास आहे. पण ज्यांना प्याल्यावाचून चालत नव्हते ते ओढ्याकाठच्या हातभट्टीकडे वळले. काळा गूळ, नवसागर आणि हाती लागेल ते कुजवून रात्री गाळायचे व रबरी ट्यूबमध्ये भरून पहाटे पोहोचवायचे, असा तो धंदा. पोलीस आले की मडकी फुटत. आठवड्याने नवी मडकी येत. साठच्या दशकात बंदी सैल होत गेली आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम होऊन परवान्याची दुकाने पुन्हा उघडली. हातभट्टी मात्र गेली नाही. ती किती घातक, हे २००४ च्या डिसेंबरात विक्रोळीस आणि २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीस दिसले. विक्रोळीत सत्याऐंशी व मालवणीत शंभरावर माणसे मेली. त्या दारूत मिथेनॉल होते. रंगाने, वासाने ते नेहमीच्या अल्कोहोलासारखेच. पण यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आणि ते प्रथम डोळ्यांच्या शिरा जाळते, मग प्राण घेते. म्हणून दारू प्यायलेला माणूस 'डोळ्यांपुढे धुके आले' म्हणू लागला की झोपेची वाट न पाहता त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

येथवरचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट माझ्या ध्यानात येते. मक्ता, पहारा, बंदी, परवाना या सर्वांची नजर दुकानावर व बाटलीवर आहे. कीर्तनकारांची व पंचांची नजर पापावर आहे. पंधरा वर्षे रोज पीत आलेल्या एका मनुष्याच्या कातडीखाली काय झाले आहे, याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. माझ्या आजोळीही तेच झाले.

माझे आजोळ आंबेगाव तालुक्यात, घोडनदीच्या काठी. थोरले मामा उंच, कामाला वाघ, बैलांचे शौकीन. हातभट्टीचे व्यसन तिशीच्या आत लागले. पुढे पुढे सकाळी तोंड धुण्याआधी घोट घेतल्यावाचून हात स्थिर राहत नसत. लोक याला निर्लज्जपणा म्हणत. वैशाखात समाजाची बैठक भरली. पंचांनी त्यांना पुढे बोलावून दंड केला, गळ्यात माळ घातली आणि बेलभंडार उचलावयास लावला. मामांनी तो मनापासून उचलला, असे मी आजही सांगेन. त्या रात्री ते जेवले, आम्हा पोरांशी हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातात कपबशी ठरेना. अंगाला दरदरून घाम, ओकाऱ्या, छातीत धडधड. रात्री आकडी आली. दात खिळले, तोंडातून फेस आला. तेव्हा मामी ओसरीवर वडीलधाऱ्यांपुढे आली आणि पदर पुढे ओढून म्हणाली, "मामंजी, थोडी द्या त्यांना. एवढीशी द्या. मग सोडवा." ओसरीवर बसलेले सगळे तिच्यावर तुटून पडले. बेलभंडाराची शपथ मोडावयास सांगणारी बायको! तिला आत लोटण्यात आले.

तिसऱ्या दिवसापासून मामा आमचे राहिले नाहीत. भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा उतरताहेत म्हणून वाकळ झटकीत. मामीला ओळखेनात. उठून बसत, आणि समोर नसलेल्या बैलांना नावे घेऊन हाकीत. हात कासऱ्यासारखे ओढीत. देवऋषी आणला. त्याने बाहेरची बाधा सांगितली. मिरच्यांचा धूर केला, मामांना मेढीला बांधले आणि 'बाधा पाणी मागते आहे, देऊ नका' म्हणून पाणी तोडले. अंग तव्यासारखे तापले होते. डॉक्टर कोसांवर, पण बैलगाडी दारात होती. ती जुंपावी असे कोणाच्या मनात आले नाही. पाचव्या दिवशी पहाटे ते गेले.

तेराव्याला एका वडीलधाऱ्यांनी चारचौघांत सांगितले, की बाईने चोरून पाजली असणार, म्हणून शपथ फळली. ओसरीवरील तिचे बोलणे सर्वांनी ऐकलेच होते, त्यामुळे पुरावा निराळा लागला नाही. ही गोष्ट मामीच्या नावाला चिकटली ती चिकटलीच.

पस्तीस वर्षांनी, २००६ साली, माझ्या नात्यातील एक तरुण मोटारसायकलवरून पडला व त्याच्या मांडीचे हाड मोडले. पुण्यास एका रुग्णालयात त्यास ठेवले. शस्त्रक्रिया नीट झाली. तिसऱ्या दिवशी तो खाटेवर उठून बसला, चादरीवरून काहीतरी वेचू लागला, नसलेल्या माणसाशी बोलू लागला. मी पलंगाशी उभा होतो. माझ्या अंगावर काटा आला. डॉक्टरांनी घरच्यांना विचारले, "रोज किती घेत होते?" घरच्यांनी माना हलविल्या, "छे, कधीमधी, लग्नाकार्यात." डॉक्टरांनी पुन्हा विचारले. तेव्हा मी वयाचा मान बाजूला ठेवून खरे सांगितले : रोज, आठ वर्षे, सकाळपासून. डॉक्टरांनी शिरेतून औषध चालू केले. चौथ्या दिवशी पोराने आईला हाक मारली.

मग त्या डॉक्टरांनी मला बसवून समजावले, आणि पुढे मीही मिळेल ते वाचले. ते आपल्या भाषेत मांडतो.

दारू म्हणजे पाण्यात मिसळलेले अल्कोहोल. त्यास पचनाची गरज नसते. थोडे जठरातून व बहुतांश लहान आतड्यातून ते तसेच रक्तात उतरते. पोट रिकामे असले तर फार लवकर. रक्त ते सर्वत्र नेते, आणि मेंदूची कवाडे त्यास अडवीत नाहीत. मोठ्या मेंदूचा पुढील भाग विचार करून तोलून वागण्याचे काम करतो. प्रथम तोच ढिला पडतो. म्हणून भित्रा माणूस शूर होतो व अबोल माणूस भाषण करतो. यास लोक 'दारू खरे बोलते' म्हणतात. वस्तुतः दारू खरेही बोलत नाही व खोटेही नाही. आवरणारा दूर झाल्याचा तो परिणाम. मग लहान मेंदू, तोल व हालचाल सांभाळणारा. पाय लटपटतात, जीभ जड होते. स्मृती साठविणारा भाग बधिर झाला की माणूस चालतो, बोलतो, भांडतो, आणि सकाळी त्यास काही आठवत नाही. तो ढोंग करतो असे बायकोस वाटते. पुष्कळदा ते ढोंग नसते, त्या तासांची नोंदच झालेली नसते. प्रमाण आणखी वाढले तर श्वास चालविणारे केंद्र मंदावते व झोपेतच माणूस जातो, किंवा उताणा पडून स्वतःच्या ओकारीने गुदमरतो. तर्र झालेल्यास म्हणून नेहमी कुशीवर निजवावे.

चढलेली उतरविण्याचे काम यकृताचे, म्हणजे आपण ज्यास काळीज म्हणतो त्याचे. ते आपल्या चालीने काम करते; तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल एवढीच त्याची ताकद. एकशे ऐंशी मिलिलिटरच्या व्हिस्की वा रमच्या बाटलीत, जिला मुले 'क्वार्टर' म्हणतात, सुमारे साठ ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे सहा ते साडेआठ तासांचे काम झाले. लिंबू, ताक, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांनी ते काम लवकर होत नाही. फार तर माणूस जागा राहतो. रात्री बाराला पिऊन निजलेला पहाटे चारला टोमॅटोचा टेम्पो घेऊन नारायणगावच्या बाजारास निघतो, तेव्हा त्याच्या रक्तात दारू असते. मोटार कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम आहे, आणि सकाळ झाली म्हणून ती वाढत नाही.

रोजच्या पिण्याने यकृतात प्रथम चरबी साठते, मग सूज, मग ते आक्रसून गाठाळ होते. कावीळ व जलोदर ही त्याची उघड लक्षणे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व स्त्रियांचे स्तन येथील कर्करोगाशी दारूचा संबंध सिद्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यास मनुष्यास निश्चित कर्करोगकारक ठरविले. 'थोडी औषधापुरती' हे वचन आपण फार ऐकतो. पण प्रकृतीस अजिबात धोका नाही असे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही, असे त्याच संघटनेने २०२३ च्या जानेवारीत जाहीर केले.

आता मामांच्या मुंग्यांकडे येतो. मेंदूत चेतविणारी व आवर घालणारी अशी दोन्ही रसायने असतात व त्यांच्या तोलावर आपण शहाणे राहतो. दारू आवर घालणाऱ्याचे बळ वाढविते व चेतविणाऱ्याचे दाबते. रोज असे होऊ लागले म्हणजे मेंदू उलट बाजूने जोर लावून तोल सांभाळण्यास शिकतो. ज्यांनी मोटा पाहिल्या आहेत त्यांना हे लवकर कळेल. धावेवर बैल भरल्या मोटेचे ओझे ओढीत सारे अंग पुढे टाकून चालतात. अशा वेळी नाडा तुटला तर बैल तोंडावर पडतात. वर्षानुवर्षे पिणाऱ्याची दारू एका दिवसात बंद झाली तर तसेच होते. पहिल्या दिवशी कंप व घाम. दोन दिवसांच्या आत आकडी येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप आणि नसलेले किडे-मुंग्या, प्राणी, माणसे दिसणे. सर्वांनाच असे होते असे नाही. पुष्कळांचे कंपावर निभावते. पण ज्यास सकाळी उठल्याबरोबर लागते, ज्यास पूर्वी सोडताना आकडी आली आहे, त्याचा जीव धोक्यात असतो. मामा ज्याला लाजेने लपवीत ते सकाळचे हात कापणे हीच देहाने दिलेली सूचना होती.

या भ्रमाचे वर्णन इंग्लंडातील टॉमस सटन या वैद्याने १८१३ साली करून त्यास आजचे लॅटिन नाव दिले, 'डेलिरियम ट्रेमेन्स', म्हणजे कंपयुक्त उन्माद. त्याआधी १८०४ मध्ये टॉमस ट्रॉटर या आरमारी डॉक्टराने दारूचे व्यसन हा रोग आहे, असे लिहून ठेवले होते. १८८१ मध्ये जर्मनीच्या वेर्निके यांनी व काही वर्षांनी रशियाच्या कॉर्साकॉव्ह यांनी दारुड्यांच्या मेंदूचा आणखी एक विकार वर्णिला. त्याचे मूळ थायमिन, म्हणजे 'ब-एक' जीवनसत्त्वाच्या अभावात आहे, हे पुढे कळले. पिणारा जेवत नाही व जेवलेले अंगी लागत नाही, म्हणून हा अभाव होतो. त्यात नजर फिरते, चाल बिघडते आणि न सावरल्यास नवे काही ध्यानातच राहत नाही. थायमिनचे इंजेक्शन स्वस्त आहे. कंप व उन्माद शमविणारे क्लोरडायझेपॉक्साइड हे औषध १९६० साली बाजारात आले. मात्रा ठरवून ते सुरू करावयाचे व काही दिवसांत कमी करीत आणायचे, सोबत पाणी व क्षार भरपूर द्यावयाचे, असा उपचार आहे. चरकाने सांगितलेले 'थोडे थोडे' दोन हजार वर्षांनी औषधाच्या रूपाने आले म्हणा. पूर्वी या उन्मादाने पुष्कळ रोगी दगावत. आता वेळेवर उपचार मिळाल्यास शंभरांत पाचही नाहीत. मात्र ही मात्रा डॉक्टरांनी ठरवावयाची. घरच्या घरी घोट मोजीत सोडविण्याचा प्रयोग कोणी करू नये, आणि औषधाच्या गोळ्या परस्पर आणून तर मुळीच देऊ नयेत.

आपल्या जिल्ह्यात या दृष्टीने मोठे काम १९८६ पासून पुण्याच्या मुक्तांगणात झाले. डॉक्टर अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या साहाय्याने ते केंद्र उभे केले. आधी शरीरातील विष उतरवायचे, मग मनाशी बोलायचे, आणि घरच्या माणसांनाही सोबत घ्यायचे, असा तेथील क्रम. शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीची गोष्ट निराळी. अण्णा हजारे यांनी तेथे भट्ट्या बंद करविल्या व गाव उभे केले, याचा आपणा सर्वांस अभिमान आहे. पिणाऱ्यांना खांबाला बांधून शिक्षा केल्याचेही त्यांनी स्वतः सांगितले आहे. त्या गावाचे भले झाले. तरीही खांब म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे आजोळची मेढ येते, त्यास माझा इलाज नाही. दुकानच नको असेल तर आज स्त्रियांच्या हाती मत आहे. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील स्त्रियांच्या गुप्त मतदानात निम्म्याहून अधिक मते विरोधात पडली तर दुकान बंद करता येते. 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणतात ते हेच.

येथे द्राक्षाचा विषय टाळता येत नाही, कारण तो आपल्या दाराशी आहे. वारूळवाडी-नारायणगावच्या परिसरात द्राक्षबागा आहेत, आणि १९८० च्या दशकात येथे तयार झालेली फेसाळ वाईन 'ओमर खय्याम' नावाने परदेशी गेली. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य आपल्या बैठकीतही बोलले गेले. बागाईतदाराचे हित मला कळते. माझ्या भावकीतही बागा आहेत. पण हिशेब करून पाहावा. दीडशे मिलिलिटरचा वाईनचा एक पेला, शेकडा बारा अल्कोहोलाचा, म्हणजे चौदा ग्रॅम. तीस मिलिलिटरचा व्हिस्कीचा लहान पेग म्हणजे दहा ग्रॅम. यकृतास द्राक्ष व मोहाचे फूल यांतील भेद कळत नाही.

२००६ च्या दिवाळीत मी आजोळी गेलो. मामी पंचाहत्तरीच्या पुढे होती, डोळ्यांना कमी दिसत होते. मी तिला सारे सांगितले. मामांना बाधा नव्हती, शपथेचा कोप नव्हता, तिने काही पाजले म्हणून ते गेले नाहीत. आणि त्या रात्री तिने ओसरीवर येऊन जे सांगितले होते, ते तेथील सर्व शहाण्यांपेक्षा खऱ्याच्या जवळ होते. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "भाऊ, तेव्हा गोळी होती का रे?" मी म्हणालो, "होती." "कुठं?" "पुण्याला असेल." ती काही वेळ बोटे मोजीत बसली. "गाडी जुंपली असती तर दुसऱ्या दिवशी पोचलो असतो," एवढेच म्हणाली, व चुलीकडे वळली. ती २०११ मध्ये वारली.

आपल्या समाजाच्या मेळाव्यात दरवर्षी व्यसनमुक्तीची शपथ होते. गेल्या वर्षी व्यासपीठावर रांगेत उभ्या असलेल्या तरुणांपैकी एकाच्या हातातील श्रीफळ थरथरत होते. टाळ्या चालू होत्या. मी खाली उतरून त्याच्या वडिलांना गाठले आणि त्यांना घेऊन त्याच संध्याकाळी मुलास डॉक्टरांकडे नेले. तो दहा दिवस रुग्णालयात होता. सध्या घरी आहे, कामावर जातो. मध्ये एकदा घसरला, पुन्हा गेला.

कार्यकारिणीस मी लेखी विनंती केली आहे, की यंदा शपथेच्या आधी मंडपाच्या बाजूस एक खोली व एक डॉक्टर असावा, आणि ज्याने नाव दिले त्यास तेथे खाजगीत दोन प्रश्न विचारले जावेत : सकाळी लागते का, आणि पूर्वी सोडताना काय झाले होते. बायकोस किंवा आईसही विचारावे. खरे उत्तर बहुधा तिच्याकडे असते. डॉक्टरांच्या मानधनाचा प्रश्न बैठकीत निघाला. तो अद्याप सुटलेला नाही. दुसरी विनंती संपादक मंडळास होती, ती त्यांनी मान्य केली. या अंकातील माझ्या आजोळच्या वंशावळीत मामांच्या नावापुढील शेरा बदलला आहे, आणि मामीचे नाव, जे पूर्वी तेथे नव्हते, ते घातले आहे.